तपस्वी नकोत, पगारी माणसे हवीत

कष्टांचे महत्त्व सांगायची वेळ आली की मराठी माणूस हटकून वाळूचे कण रगडायला घेतो. शाळेच्या भिंतीवर, क्लासच्या जाहिरातीत, दहावीच्या गुणगौरव समारंभात पाहुण्यांच्या भाषणात, सगळीकडे ते तेल गळत असते. वामन पंडितांचा तो श्लोक ज्यांनी चौथ्या चरणापर्यंत वाचला आहे त्यांना यातली गंमत ठाऊक असेल. वाळूतून एकवेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचे शिंगही सापडेल, पण मूर्खाचे मन काही वळवता यायचे नाही, असे पंडित सांगतात. म्हणजे प्रयत्न कुठे वाया जातात याचा तो श्लोक आहे. आपण त्यातली पहिली ओळ तेवढी ठेवून घेतली आणि ती प्रयत्नांच्या थोरवीची म्हणून खपवली.

ही नुसती विसरभोळेपणाची गोष्ट असती तर सोडून देता आली असती. पण त्यात सोय आहे. कष्ट केले की मोठेपण मिळतेच असे एकदा ठरले, की ज्याला ते मिळाले नाही त्याचे कष्ट कमी पडले हेही आपसूक ठरते. मग सरकारला, विद्यापीठाला, गावातल्या पैसेवाल्यांना काही विचारायची गरज उरत नाही. सगळा हिशेब एकट्या माणसाच्या नावावर लिहिला जातो.

रात्री पुण्याच्या सदाशिव पेठेतून नाहीतर शास्त्री रस्त्याने एक चक्कर मारली तर महाराष्ट्रात कष्टांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांचे दिवे चालू असतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली मुले-मुली तिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात आणि असे चार-पाच वर्षे बसतात. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, घरून येणाऱ्या पैशांची लाज, आणि परीक्षा पुढे ढकलली गेली की पुन्हा पहिल्यापासून. निष्ठा म्हणाल तर याहून वेगळी निष्ठा कुठली? जागा थोड्या असल्याने बहुतेकांची निवड होत नाही. आणि निवड न झालेल्या माणसाच्या त्या चार-पाच वर्षांतून समाजाच्या हाती काहीच उरत नाही. घटनादुरुस्त्यांचे क्रमांक पाठ झालेले असतात, ते हळूहळू विसरले जातात. इतकी प्रचंड चिकाटी जिथे थरावर थर साठून काहीतरी उभे राहील अशा जागा आपण फारशा बांधलेल्याच नाहीत.

तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर अशी एक जागा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. संस्कृतचे थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी ते स्थापन झाले. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली एवढे शिकलेल्या मराठी माणसाला साधारण माहीत असते. ती कशी झाली हे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि आजच्या प्रश्नाचे उत्तर त्या ‘कशी’मध्येच आहे.

कल्पना आपली नव्हती. महाभारताच्या देशभर विखुरलेल्या हस्तलिखित पोथ्या ताडून एक शास्त्रशुद्ध पाठ, म्हणजे मूळ मजकूर, तयार करावा, ही सूचना ऑस्ट्रियन संस्कृतपंडित मॉरिझ विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातल्या विद्वत्संस्थांनी ती उचलली. १९०८ मध्ये जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी काही पानांचा नमुनाही छापला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि तिकडचे काम थांबले. पुण्यात ते हाती घेतले गेले त्यामागे एक साधे, रोकडे कारण होते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१८ मध्ये त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. औंध म्हणजे काही बडोदे नव्हे, साताऱ्याकडचे एक छोटे संस्थान. पण या राजाला महाभारताचे वेड होते, आणि या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर चित्रकार म्हणूनही त्यांचेच नाव आहे. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले. मधली सत्तेचाळीस वर्षे. राज्य बदलले, दुसरे महायुद्ध झाले, पानशेतच्या पुराने अर्धे पुणे धुऊन नेले, आणि काम चालूच होते. सुरुवात करणाऱ्या पिढीतल्या फारच थोड्यांनी शेवट पाहिला.

या सत्तेचाळीस वर्षांत रोज काय चालायचे? एका मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या. सर्वांत वर श्लोकाचा एक नमुना पाठ, एकेका चौकटीत एकेक अक्षर. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पोथीतले अक्षर वरच्यासारखेच असेल तर चौकट रिकामी, वेगळे असेल तर ते तिथे लिहायचे. असा एक श्लोक झाला की दुसरा. पोथ्या शारदा लिपीतल्या, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी लिपीतल्या. सगळ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते म्हणून तंजावर आणि शांतिनिकेतन इथे पाठ ताडण्याची केंद्रे उघडली होती. एकूण १२५९ पोथ्या या कामासाठी तपासल्या गेल्या. आदिपर्वाचा, म्हणजे महाभारताच्या पहिल्या पर्वाचा, प्रत्येक श्लोक कमीत कमी दहा पोथ्यांशी ताडला गेला, आणि पहिल्या दोन अध्यायांतला काही भाग तर साठ पोथ्यांशी. अक्षरे भरणाऱ्या पंडितांच्या हातून अखेर एकोणीस खंड आणि एकोणनव्वद हजारांवर श्लोकांची संहिता उभी राहिली. त्या पंडितांची नावे आज बहुतेकांना सांगता येणार नाहीत, मलाही नाही.

सुरुवात तशी अडखळतच झाली होती. १९२३ मध्ये नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढली आणि ती मते मागवण्यासाठी जगभरच्या अभ्यासकांकडे पाठवली. ती अंतिम नव्हती आणि तशी मिरवलीही गेली नाही. ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. (त्याच महिन्यात भांडारकर गेले.) सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरणावर पीएचडी केलेले. त्यांनी सहा वर्षांच्या कामाची पद्धत नव्याने आखली आणि आदिपर्वापासून आरंभ केला. कोणत्याही आजच्या अनुदान समितीपुढे हा प्रस्ताव नेऊन पाहा: ‘सहा वर्षे झाली, आता आम्ही पद्धत बदलतो आहोत.’ फाइल तिथेच बंद होईल.

सुखटणकरांनी दोन वर्षांत, १९२७ मध्ये, पहिला भाग छापून दिला. संपूर्ण आदिपर्व १९३३ साली आले. भाग बाहेर पडत होते तशी टीकाही येत होती. सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या मोठ्या फ्रेंच विद्वानाने सुचवले की मूळ पाठ शोधण्याच्या फंदात न पडता नीलकंठ या जुन्या टीकाकाराचा प्रचलित पाठच छापा आणि खाली पाठभेद द्या. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या सूचनेची दखल घेतली, ती का मानली नाही हे सविस्तर सांगितले, आणि पुढे गेले. मला या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र आणखी वेगळी वाटते. जिथे संपादकाला स्वीकारलेल्या पाठाची पूर्ण खात्री नव्हती, तिथे त्या अक्षरांखाली त्याने नागमोडी रेघ छापली. पानोपानी या रेघा आहेत. इतक्या खटपटीनंतर, इतक्या पैशांनंतर, संपादक उघडपणे सांगतो की इथे माझा निर्णय डळमळीत आहे, तुम्ही पुन्हा तपासा.

आणि जिथे खात्री होती तिथे कुणाची भीड बाळगली नाही. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे, ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली. पोथ्यांचा पुरावा पाहता ती मागाहून घातलेली ठरली. गणेशोत्सवाच्या शहरात बसून संपादकांनी गणपतीला मुख्य संहितेतून परिशिष्टात नेले. सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही असाच बाजूला निघाला. (सभापर्वाचे संपादक अमेरिकेतले फ्रँकलिन एजर्टन होते. आजच्या हवेत एवढ्यावरूनच काय काय झाले असते याची कल्पना करवत नाही.) पुढे नेपाळहून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी मिळाली. आदिपर्व छापून झाले होते. सुखटणकरांनी ती पोथी तपासून १९३० च्या दशकाच्या शेवटी तिच्यावर लेख लिहिला. आधी कधी न पाहिलेल्या त्या पोथीने त्यांच्या संपादित पाठाला महत्त्वाच्या जागी दुजोरा दिला होता. श्रमांची परीक्षा घेणारे असे परीक्षक क्वचितच भेटतात.

१९४३ च्या जानेवारीत, मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानमाला चालू असताना, सुखटणकर वारले. शेवटचे व्याख्यान राहूनच गेले. इथे सामान्यतः अशी कामे मरतात. मोठा माणूस जातो, एक शोकसभा होते, कपाटे बंद होतात. हे काम मेले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. पद होते, पगार होता, कागदांची पद्धत ठरलेली होती, त्यामुळे माणूस बदलला तरी चौकटी भरल्या जात राहिल्या.

म्हणूनच या कामाला ‘तपश्चर्या’ म्हटले की मी जरा सावध होतो. मराठीत ज्ञानाच्या क्षेत्रात कुणी काही मोठे केले की त्याला तपस्वी, ऋषितुल्य, व्रतस्थ ही विशेषणे लागलीच चिकटतात. विशेषणे आदराचीच आहेत. पण तपस्व्याला पगार विचारायचा नसतो, पेन्शन विचारायची नसते, त्याच्या बायकोने घर कसे चालवले हे तर मुळीच विचारायचे नसते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत, स्वतः हाताने रांधून खात, ही आपली आवडती दंतकथा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकातच काढून दाखवला. त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव वर्गणीदार जमवले. ते काम आजही थक्क करते. शेवटची वर्षे मात्र त्यांनी ओढगस्तीत काढली. आपण या ओढगस्तीचेही कौतुक करतो, जणू तीही त्यांच्या विद्वत्तेचा भाग होती.

आता कोणी पांडुरंग वामन काण्यांचे नाव घेईल, आणि घ्यायलाच हवे. मुंबईत वकिली करता करता काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. व्यवहारमयूख या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाच्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून सुरू झालेले काम वाढत वाढत १९३० ते १९६२ या काळात पाच खंड आणि साडेसहा हजारांवर पाने होऊन बसले. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एकटा माणूस हे करू शकतो याचा याहून मोठा पुरावा मिळणार नाही. पण काण्यांच्या मागे वकिलीचे उत्पन्न होते, हाताशी मुंबईतली ग्रंथालये होती, आणि छापायला तीच भांडारकर संस्था होती. शिवाय एक काणे झाले म्हणून शंभर काणे होतील, या आशेवर धोरण आखता येत नाही.

यात आणखी एक अवघड गोष्ट आहे. भांडारकर संस्थेतले ते पंडित आणि संपादक कोण होते? बहुतेक सगळे ब्राह्मण, आणि जवळजवळ सगळे पुरुष. घरात संस्कृत होते, मुंज झाल्यापासून पाठांतर होते. त्यांचे श्रम खरेच होते, पण त्या श्रमांपर्यंत पोहोचायची वाट त्यांच्या दारातून जात होती, इतरांच्या नाही. ज्यांना ही कामे म्हणजे एका जातीची मिरास वाटते त्यांचा राग मला समजतो. त्या रागाचे उत्तर काम बंद करण्यात नाही, तसेच नुसत्या कौतुकातही नाही. घरातून काही न मिळालेल्या माणसालाही वीस वर्षे एका कामावर बसता यावे, यासाठी एकच साधन समाजाला ठाऊक आहे, ते म्हणजे नियमित पगार. निष्ठेचा मोबदला फक्त सन्मानात द्यायचा ठरवले, तर ज्याच्या घरी खायला आहे तोच निष्ठावान राहू शकतो. बिनपगारी तपश्चर्या ही सधनांची चैन आहे.

आज आपण काय करतो आहोत? महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास, संस्कृत, पाली शिकवणाऱ्यांपैकी मोठा वर्ग तासिका तत्त्वावर आहे. नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा झालेले, पीएचडी झालेले, चाळिशीकडे आलेले लोक तासाच्या हिशेबाने पैसे घेतात. सुट्टीत पैसे नाहीत, जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल याची खात्री नाही. अनेकदा दोन-तीन महाविद्यालयांत धावत तास भरावे लागतात. यांतले कितीतरी जण आपल्या घरातले शिकलेले पहिलेच. मोडी वाचू शकणारा, महानुभावांची सांकेतिक लिपी शिकायची हिंमत असणारा, गावच्या बोलीतले जुने शब्द कानात असलेला असा माणूस यांच्यातच सापडणार. त्याला आपण सांगतो, निष्ठेने काम कर.

जे कायम आहेत त्यांची तऱ्हा वेगळी. २०१० च्या आसपास विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले. प्रत्येक शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. हेतू वाईट नव्हता. काही न करता वर्षानुवर्षे पगार घेणारे लोक होतेच, त्यांना जाब विचारायचा होता. झाले असे की चर्चासत्रांचा आणि पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा सुकाळ झाला. या मोजपट्टीने सुखटणकरांच्या १९२५ ते १९२७ या दोन वर्षांना किती गुण मिळाले असते हे कुणी तरी काढून पाहावे. जिथे खात्री नाही तिथे नागमोडी रेघ ओढणाऱ्याला तर वजाच मिळाले असते.

याचा अर्थ संथपणा हाच गुण आहे असे मला म्हणायचे नाही. संथ कामाची एक वाईट बाजू असते आणि तीही पुण्यातच पाहायला मिळते. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे पंधराशे ग्रंथ, त्यांतून काढलेल्या एक कोटीच्या घरातल्या चिठ्ठ्या, शब्दाचा पहिला वापर कुठे झाला आणि अर्थ कसा बदलत गेला याची नोंद. स्वप्न अफाट होते आणि चिठ्ठ्यांचे ते दालन पाहून आजही छाती दडपते. पहिला भाग १९७६ मध्ये छापला गेला. पुढे पस्तीस खंड निघाले तेव्हाही कोश ‘अ’ या अक्षरातच होता. तिथे काम करणाऱ्यांच्या विद्वत्तेवर किंवा सचोटीवर मला शंका नाही. व्याप्ती ठरवतानाच गणित चुकले, आणि मग कामाला लागणारी माणसे वाढण्याऐवजी कमी होत गेली. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही तेव्हा कोशाची गती मंदावते, आणि गती मंदावली की ‘यांना पैसे कशाला द्यायचे’ असे विचारणारे वाढतात. महाभारताच्या संपादकांनी मात्र सुरुवातीपासून छोटे छोटे भाग छापून लोकांच्या हाती दिले, टीका ओढवून घेतली, आणि संपेल इतकेच काम अंगावर घेतले. दोन्ही ठिकाणी निष्ठा सारखीच होती. आखणीत फरक होता.

हे सगळे आता काढायचे कारण मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा. त्यासाठी बारा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला, आणि दर्जा मिळाल्यापासून सोहळेही बरेच झाले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले ही चांगली गोष्ट. पण दर्जाच्या नावाखाली जो काही पैसा येईल तो कशावर खर्च व्हावा याची चर्चा मला फारशी ऐकू येत नाही. परिसंवाद, पुरस्कार, ग्रंथदिंडी, विदेशातली संमेलने यांवर तो कसा संपतो हे आपण चांगले जाणतो.

करण्यासारखी कामे डोळ्यांसमोर आहेत. मराठीचा ऐतिहासिक कोश नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकातला. यादवकालीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ मध्ये आला, तेव्हा तुळपुळे हयात नव्हते. पुढच्या सहा शतकांतल्या मराठीचा, म्हणजे एकनाथ, तुकाराम, बखरी, पेशवे दप्तर, लावण्या, सत्यशोधकी पत्रके, दलित आत्मकथने या सगळ्यांतून शब्दाचा प्रवास दाखवणारा कोश आपल्याकडे नाही. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते सफाईने वाचणारी माणसे मोजकी. महानुभावांच्या पोथ्यांची अवस्था वेगळी सांगायला नको.

ज्ञानेश्वरीचेच घ्या. तिच्या पाठाची काळजी वाहणारा पहिला मराठी संपादक म्हणजे एकनाथ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून वेगळा पाठ छापला आणि मोठा वाद झाला. पुढेही आवृत्त्या आल्या. पण उपलब्ध सगळ्या महत्त्वाच्या पोथ्यांचे पाठभेद अक्षरशः चौकटीत भरून, शंका असेल तिथे नागमोडी रेघ ओढून, महाभारताच्या तोडीचे काम ज्ञानेश्वरीवर व्हायचे आहे. ज्या ग्रंथाच्या जोरावर आपण अभिजातपणा सांगतो त्याच्यावर.

‘आता यंत्रे आहेत, ती करतील,’ असे कुणी म्हणेल. पोथ्यांची छायाचित्रे घेणे, पाठ शेजारी शेजारी लावणे, फरक दाखवणे ही कामे यंत्र झपाट्याने करील आणि करू द्यावीत. त्या पंडितांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे त्यामुळे वाचली असती. पण यंत्राला मोडी शिकवायची तर आधी माणसाने बिनचूक वाचून दिलेली हजारो पाने लागतात, आणि दहा पोथ्यांत एक, दोन पोथ्यांत दुसरे असेल तेव्हा दोन पोथ्यांचे खरे का मानायचे, हे ठरवायला ती परंपरा मुरलेला माणूस लागतो. महाभारताची चिकित्सक संहिता संगणकावर आली तीसुद्धा जपानच्या मुनेओ तोकुनागा आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी चिकाटीने टंकून आणि तपासून दिली म्हणून. आज जगात कुठेही महाभारतावर काम करणारा माणूस तीच उघडतो. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’ लिहिताना याच आवृत्तीचा आधार घेतला होता. आणि इरावतीबाई १९३९ पासून डेक्कन कॉलेजात पगारी नोकरीत होत्या, हेही लक्षात असू द्यावे.

सरकारला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापले, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती दिले, आणि वाईसारख्या गावात पगारी संपादक बसवून विश्वकोश सुरू झाला. रखडला, ओढाताण झाली, पण वीस खंड झाले. याच राज्यात, याच खजिन्यातून.

तेव्हा मागणी नेमकी करावी. एक किंवा फार तर दोन कामे निवडा, पंचवीस वर्षांची मुदत ठरवा, आणि त्यांच्यासाठी कायम पदे निर्माण करा, कंत्राटी नव्हेत. भरती खुल्या जाहिरातीने आणि पोथी समोर ठेवून वाचायला लावून करा, म्हणजे आडनावापेक्षा डोळा महत्त्वाचा ठरेल. निवृत्त होणाऱ्याची जागा सहा महिन्यांत भरण्याचे बंधन कायद्यात घाला, कारण संस्था बहुतेक वेळा अशा रिकाम्या खुर्च्यांनीच मरतात. औंधच्या राजाच्या एक लाखावर हे काम भागले नव्हते. मुंबई सरकार, अनेक संस्थाने, विद्यापीठे यांचे पैसे त्यात होते. हैदराबादच्या निजामाने वार्षिक अनुदान दिले आणि संस्थेचे अतिथिगृहही बांधून दिले. आज साखर कारखाने, बँका, पुण्या-मुंबईतल्या संगणक कंपन्या आणि अमेरिकेतली मराठी मंडळे यांच्याकडे तेवढा पैसा नक्की आहे. त्यांच्याकडे मागताना कोनशिला आणि सभागृहाला नाव यांऐवजी दहा संपादकांचा वीस वर्षांचा पगार मागावा. देणाऱ्याला हे जरा कंटाळवाणे वाटेल.

आणि या माणसांना मोकळे सोडू नये. सुखटणकरांनी सूत्रे घेतल्यावर दोन वर्षांत पहिला भाग लोकांच्या हातात दिला होता. मराठीच्या कामालाही तीच मुदत घालावी: नेमणुकीपासून दोन वर्षांत पहिला भाग, चुकांसकट, सगळ्यांना फुकट वाचता येईल असा. आला नाही तर प्रमुख संपादकाला जाहीर सभेत विचारावे. आला, तर त्याच्यावर टीका लिहायला आपल्यातले किती जण पुढे येतात तेही दिसेल.